वजीर सांभाळ!

आमच्या घरी बुद्धिबळाची एक जुनी रीत होती. समोरच्याच्या वजिरावर हल्ला केला, की तोंडानं सांगायचं, ‘वजीर सांभाळ’. न सांगता वजीर मारणं ही बाबांच्या मते पाकीटमारी.

देवासच्या ज्युनियर स्पर्धेसाठी बाबांनी पीथमपूरच्या कारखान्यातून रजा काढली होती, पण धारहून निघाल्यापासून तोंड चढलेलं. कारण माझं ओपनिंग. दुसऱ्याच चालीत मी राजाशेजारचं प्यादं फुकट देऊन टाकायची आणि मग हल्ल्यावर हल्ला. त्यात जी मजा होती ती दुसऱ्या कशातच नव्हती. त्या दिवशी मात्र सकाळपासून त्यापायीच हरत होते. शेवटच्या डावाआधी बाबा म्हणाले, “हाही घालवलास तर हा आचरटपणा बंद. पुढे शहाण्यासारखं खेळायचं.”

शहाण्यासारखं! मला रडूच आलं. पण प्यादं मी दिलंच.

समोर देवासचाच एक चष्मा लावलेला मुलगा होता. त्यानं प्यादं गट्टम केलं, वर माझा एक उंटही खाल्ला. आता संपलंच, असं वाटत होतं. तेवढ्यात माझा घोडा त्याच्या वजिरावर चालून गेला आणि सवयीनं मी भर हॉलमध्ये म्हणून बसले, “वजीर सांभाळ!”

पंच धावत आले. डाव चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून मला दटावलं आणि दंड म्हणून त्या मुलाला वेळ वाढवून दिला. बाबा खिडकीतून बघत होते. त्यांचा आणि त्यांच्या त्या रीतीचा मला असा राग आला की काय सांगू.

मुलानं घाईघाईनं वजीर उचलला आणि कोपऱ्यात सुखरूप नेऊन ठेवला. त्यासरशी त्याच्या राजाशेजारचं घर उघडं पडलं. घोड्याच्या जोरावर माझा वजीर तिथे जाऊन बसला. मात!

तो कळवळून म्हणाला, “वजीर का तो बोल दिया, मात का भी बोल देती!”

परतीच्या बसमध्ये बाबांची छाती फुगली होती. “बघ, सांगून खेळलीस आणि जिंकलीस. पण मात मुद्दाम लपवली नाहीस ना?”

“मलाच दिसली नव्हती.”

बाबा इतके हसले, की कंडक्टर वळून बघायला लागला. डोळे पुसत ते म्हणाले, “मग तू हेच खेळ, बाई. शहाण्यासारखं खेळायला गेलीस तर तुझं काही खरं नाही.”