खांद्यावरचा तारा आणि आधीच ठरवलेली जीप

दिवाळीनंतरचा रविवार, सकाळ. हजर: मी, सुट्टीवर आलेले आमचे हे, बारावीतली लेक, धाकटा दीर. दारात शेजारच्या गोरेगावहून आणलेली उघडी जीप, झेंडूच्या माळा घालून तयार.

आमच्या गावात कुणी फौजेतून निवृत्त होऊन आला की त्याला वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत जीपमधून मिरवतात. हे हवालदार आहेत. पावसाळ्यात फोनवर एकदा म्हणाले होते, "आता आलोच घरी." दिराला तेवढं पुरलं. त्यानं फ्लेक्स छापून आणला, ढोलवाले सांगितले, जेवणाचा बेत ठरवला. निवृत्तीचे कागद झाले का, हे मात्र भावाला विचारायचं राहिलं.

कागद झाले नव्हते. उलट बढतीच्या यादीत यांचं नाव आलं होतं, नायब सुभेदार म्हणून. हे मला यांनी शुक्रवारी हिंगोली स्टेशनवरून घरी येताना सांगितलं. नको म्हटलं तर हवालदार म्हणूनच निवृत्ती आणि कायमचं घर. हो म्हटलं तर आणखी तीन-चार वर्षं, आणि पहिली नेमणूक वर, बर्फात. सोमवारी युनिटला कळवायचं होतं. दिराला सांगायला गेले, तर तो ढोलवाल्यांना फोन करत अंगणभर फिरत होता. सांगणं राहूनच गेलं.

यांच्या प्रत्येक हुद्द्यानं घरी काय दिलं आणि काय नेलं, हे मला पाठ आहे. शिपाई होते तेव्हा सुट्टी मिळेल तेव्हा घ्यायची. पण जबाबदारी स्वतःच्या रायफलीपुरती, त्यामुळे झोप शांत लागायची. नाईक झाले, दंडावर दोन फिती आल्या, दहा माणसं हाताखाली आली. तेव्हाच आम्हाला छावणीत क्वार्टर मिळालं. नळाला पाणी, लेकीला शाळा, संध्याकाळी तिघं एकत्र जेवायला. सलग एकत्र राहिलो ते तेवढंच. हवालदार झाले आणि सुट्ट्यांचा तक्ता यांच्या हाती आला. मला वाटलं, आता दर दिवाळी पक्की. झालं उलटंच. तक्ता करणारा स्वतःचं नाव शेवटी लिहितो, नाहीतर हाताखालची पोरं ऐकत नाहीत. यंदा किती तरी वर्षांनी दिवाळीला लागून सुट्टी मिळाली होती.

शनिवारी संध्याकाळी हे ओट्यावर बसून बूट घासत होते. शिपाई असल्यापासूनची सवय.

"खांद्यावर तारा लागला की जेवण वेगळ्या मेसमध्ये," म्हणाले. "काल ज्यानं माझ्या ताटातली भाकर उचलली, तो उद्या 'साहब' म्हणून ताठ उभा राहील."

"मग वाईट वाटून राहिलं का?"

"वाटते. अन् बरं बी वाटते. भरती झालो तवा सुभेदारसाहेबाच्या तोंडाकडं बघायची हिंमत न्हवती." बूट खाली ठेवला. "तू काय म्हणतीस?"

माझ्या हातात उद्याच्या सामानाची यादी होती.

"उद्याचं उरकू द्या. मग सांगते."

रविवारी दीर पहिल्यापासून घाईत. "वैनी, दादाला वर्दी घालायला सांगा की."

"नोकरीत असताना मिरवणुकीत वर्दी घालत न्हाईत," हे आतून म्हणाले.

"आता कुठली नोकरी, मेजर!" दीर हसला. आमच्याकडे फौजेतला प्रत्येक जण मेजरच असतो.

हे पांढरा सदरा घालून जीपमध्ये उभे राहिले. पारापाशी मी आरतीचं ताट घेऊन थांबले होते. दिरानं माईक घेतला. "आमचे मेजर आजपासून कायमचे घरी..."

यांनी त्याच्या हातातून माईक काढून घेतला. "थांब. मी निवृत्त झालो न्हाई. माझं नाव सुभेदारीसाठी लागलंय. उद्या हो म्हणून कळवून राहिलो."

ढोल थांबला. हे जीपमधून उतरायला लागले. दिराचं तोंड उघडंच. ताटातला दिवा विझू नये म्हणून मी हात आडवा धरला. मग पारावरून एक म्हातारा ओरडला, "मंग उतरता काहून? अजून एक चक्कर मारा!"

लोक हसले, ढोल सुरू झाला. दिरानं कुठून तरी चिकटपट्टी आणून फ्लेक्सवरच्या 'सेवानिवृत्त'वर लावली. जीप वळताना हे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. ती 'हो' अशी होती की 'बरं, जा' अशी, मलाच माहीत नाही.

सुट्टी संपवून परत जाताना हे स्टेशनवर म्हणाले, "कळवलं असलं तरी तारा लागेस्तोवर नको म्हणता येतंय. तू अजून सांगितलं न्हाईस."

आता रोज संध्याकाळी फोन येतो. मी विचारते, जेवलात का, थंडी किती आहे. ते विचारतात, "बाकी?" मी म्हणते, "बाकी बराबर." लेक पुस्तकातून मान वर करून माझ्याकडं बघते आणि परत खाली घालते.

घरातली कामं मी उरकत आणली आहेत. जीपवाल्याचं भाडं मिटवलं. फ्लेक्स कडब्यावर झाकायला गेला, छापील बाजू खाली. लेकीचा परीक्षेचा फॉर्म भरला. शेतातल्या हळदीला पाणी देऊन झालं. तारा पुढच्या महिन्यात लागणार आहे, आणि माझं म्हणणं यांना सांगायचं अजून राहिलंय.