न बोलणाऱ्या बाईंची खुर्ची

पॅनलताई रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून "आत येऊ का, सर?" असं विचारायची, आणि उत्तर आल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. उत्तर आलं की नाही, हे तिचं तिलाच कळायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, झालं कल्याण, अभ्यास करून करून हिचं डोकं फिरलंय! पण माझ्या आधीच्या दोन्ही मुलाखती वाया गेल्या होत्या, वयाच्या अटीत बसणारी एकच संधी उरली होती, आणि मुलाखतीची तयारी करून घेणारं आमच्या भागात दुसरं कोणी नव्हतं. तोंड मिटून मी तिच्या मागोमाग आत गेले.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागच्या गल्लीत, बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका होती. ताईचे आईवडील वाशीमकडून आलेले, पण ती त्याच गल्लीत वाढली, त्याच अभ्यासिकेत राज्यसेवेसाठी झिजली, आणि वय उलटून गेल्यावर तिथेच आम्हाला शिकवायला लागली. विमानतळाच्या कार्गोतली नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी यायची. मुलाखतीचं पॅनल मांडते म्हणून पॅनलताई. हे पॅनल म्हणजे टेबलापलीकडच्या चार रिकाम्या खुर्च्या. तीन प्लास्टिकच्या आणि खिडकीजवळची एक लाकडी, कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीच्या ऑफिसातून आलेली. ताई मागे भिंतीशी उभी राहायची आणि एकेका साहेबांच्या वतीने प्रश्न टाकायची.

शिकवायची मात्र झकास. "पुस्तकं वाढवू नको गं, उजळणी वाढव," हे तिचं पालुपद. जुन्या प्रश्नपत्रिका आधी सोडवायला लावायची आणि मग पुस्तक उघडू द्यायची. पेपरातली बातमी मोठ्याने वाचायची, पेपर मिटायचा, आणि तीच बातमी शेजारणीला सांगावी तशी सांगायची. येत नसेल तर "माहीत नाही, सर" म्हणायचं, तेही मान खाली न घालता. डोक्यावरून विमान गेलं तरी बोलणं थांबवायचं नाही. मी थांबले की तिची वाशीमची भाषा बाहेर यायची, "विमानाले काय ऐकून राहिली? साहेबाले सांग!"

ती लाकडी खुर्ची मात्र वेगळी होती. तीन साहेब प्रश्न विचारायचे. लाकडी खुर्चीतल्या बाई काहीच विचारायच्या नाहीत. "पण बोलताना त्यांच्याकडेही बघायचं," ताई बजावायची. "विचारणाऱ्याकडे काय, कोणीही बघतं." मुलाखत संपली की ती त्या खुर्चीपाशी जाऊन जराशी वाकायची, मान डोलवायची आणि माझ्याकडे वळायची. एकदा म्हणाली, "बाई म्हणतात, तुला पोस्ट हवीये, पण घर सोडायची भीती वाटतेय." हे मी कोणाला म्हणजे कोणालाच बोलले नव्हते. आईलासुद्धा नाही.

त्या खुर्च्यांसमोर बोलायची इतकी सवय लागली की एकदा घरी मी जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीला नमस्कार केला. आई आमची मालवणची. हातातला डाव तसाच धरून म्हणाली, "गो, खुर्चेक नमस्कार करतंस? याड लागला काय तुका?" मी हसून वेळ मारून नेली.

पूर्वपरीक्षा जवळ आली की अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नसायची. अशाच एका दुपारी गोरेगावहून येणारा प्रशांत, चांगला बँकेत नोकरी करणारा बाप्या, ताईचं लक्ष नाही बघून लाकडी खुर्ची ओढून बसला. बसला आणि लगेच उठला.

"आत्ता कोण उठून गेलं इथून?" त्याने विचारलं.

"कोणी नाही रे. का?"

"खुर्ची गरम आहे, यार."

वर पंखा गरगरत होता आणि सकाळपासून त्या खुर्चीला कोणी हात लावला नव्हता. प्रशांत उरलेला दिवस जिन्यात बसून वाचत होता. ताईला कळलं तेव्हा ती रागावली नाही. ओल्या फडक्याने खुर्ची पुसली आणि हळूच म्हणाली, "माफ करा हं, बाई." आम्ही कोणी हसलो नाही.

दुसऱ्या एका रविवारी मी उत्तर देत असताना ताई फोन घ्यायला खाली गेली. मी एकटीच चार खुर्च्यांशी बोलत राहिले. धरणग्रस्तांचा प्रश्न होता. पाठ केलेले मुद्दे संपले, आणि मी माझ्या आजोबांबद्दल बोलायला लागले, गिरणी बंद पडल्यावर ते दिवसभर दाराकडे बघत कसे बसायचे ते. तेवढ्यात लाकडी खुर्ची करकरली, बसलेलं माणूस पुढे झुकल्यावर करकरते ना, तशी. मी बोलत राहिले. ताई वर आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "पुढे झुकल्या ना? म्हणजे आवडलं त्यांना."

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मी सरळ विचारलं, "ताई, कोण आहेत गं त्या?"

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला. "माझ्या शेवटच्या मुलाखतीला तीन साहेब होते आणि खिडकीजवळ एक बाई. त्यांनी एक शब्द विचारला नाही. मग मी कशाला बघू त्यांच्याकडे? सगळी उत्तरं साहेबांना दिली, एकदम टकाटक. निघताना सहज नजर गेली, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. कधीची वाट बघत असल्यासारख्या. बाहेर येऊन त्याच पॅनलसमोर जाऊन आलेल्या मैत्रिणींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, अगं, ह्या पॅनलमध्ये बाई नाहीतच." ताई हसली, पण नेहमीसारखी नाही. "थोडक्यात गेलं बघ माझं. तेव्हापासून बाई इथे येतात. तू माझ्यासारखं करू नको."

माझ्या मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ताईला डेंग्यू झाला. बघता बघता ती गेली. मी इतकी रडले की डोळे उघडेनात. मुलाखतीला जायचंच नाही, असं ठरवून बसले होते. पण ताईची आई घरी आली, ताईची ओढणी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "जा बाई. तिनं पोरींवरच जीव टाकला."

मुलाखतीच्या दिवशी दारात उभं राहून मी विचारलं, "आत येऊ का, सर?" टेबलापलीकडे तीन साहेब होते. खिडकीजवळची चौथी खुर्ची रिकामी होती, कोणी सदस्य आले नसावेत. मी तिघांना नमस्कार केला आणि हात आपोआप चौथ्या खुर्चीकडे वळले. चूक लक्षात आली, पण अंगात भिनलेली सवय थोडीच ऐकते! अध्यक्षांनी विचारलं, "तहसीलदार झालात तर पहिल्या दिवशी काय कराल?" मी उत्तर द्यायला लागले, आणि अर्ध्यातच माझी नजर खिडकीकडे गेली.

"एक मिनिट," अध्यक्ष म्हणाले. "तिकडे कोण आहे?"

वाट लागली! शेवटची संधी, आणि मी रिकाम्या खुर्चीशी बोलताना पकडली गेले होते. काहीतरी थाप मारावी असं क्षणभर वाटलं. पण मान खाली घालायची नाही, हे ताईचं बोलणं कानात होतं.

"सर, जे काही विचारत नाहीत त्यांच्याकडेही बघून बोलावं, असं मला शिकवलंय. शिकवणारी माझी ताई गेल्या आठवड्यात वारली. मला वाटलं, ती बसलीये."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "उत्तर पूर्ण करा. त्यांच्याकडे बघूनच करा."

मी केलं. कचेरीत येणाऱ्या आणि दारातच उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल बोलले, घर सोडून लांब जायची भीती वाटते हेही बोलले. शेवटच्या वाक्याला खुर्ची करकरली. मला भास झाला म्हणाल, तर उजवीकडच्या साहेबांनीही मान वळवून तिकडे पाहिलं होतं.

माझी निवड झाली. आता मी मुंबईपासून दूर एका तालुक्याला आहे. माझ्या दालनातही खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची आहे. माणसांचा घोळका आत शिरला की मोठ्याने बोलणाऱ्याचं मी ऐकते, पण बघते ती मागे गप्प उभ्या असलेल्या बाईकडे. "मावशी, तुमचं काय?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा खरी तक्रार तिथूनच निघते. त्या खुर्चीवर मी कोणाला बसवत नाही. संध्याकाळी निघताना तिच्यावर हात ठेवते, आणि कधीकधी ती गरम लागते. सुरुवातीला हात झटकन मागे यायचा. आता तो तसाच राहू देते आणि म्हणते, "ताई, आजचं बरोबर झालं ना गं?"