वकीलसाहेबांचं सर्टिफिकेट

"लिवून घ्या, डॉक्टर," म्हणत वकीलसाहेब खुर्चीत बसायचे आणि मला मजकूर सांगायचे, तोही विरामचिन्हांसकट. "लहानपणापासून माझी बुद्धी तल्लख, स्वल्पविराम, हे सर्वांले मान्य होतं, पूर्णविराम." मनाच्या दुखण्यांचा डॉक्टर मी, पण यांच्या लेखी कोर्टातला कारकून.

एकोणीसशे साठच्या आसपास अमरावतीत मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर. राजापेठेतल्या माझ्या दवाखान्यात लोक तोंड लपवून येत. हे मात्र दर गुरुवारी भरदुपारी कोट घालून यायचे आणि बाहेर सांगायचे, "डॉक्टरची नाजूक केस आहे, सल्ला देऊन राहिलो." महिनाभरात किराणावाला मला विचारू लागला, "कोनं दावा ठोकला जी तुमच्यावर?" आता याला काय सांगणार, कपाळ!

ते यायचे बायकोच्या अटीमुळे. बाई बावीस वर्षं यांचं ऐकून थकल्या आणि अकोल्याला भावाकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "सहा महिने डॉक्टरकडे जा. फरक पडला तं येईन." म्हणून यांना माझ्याकडून हवं होतं फक्त सर्टिफिकेट.

पुस्तकात या दुखण्याला भारदस्त नाव होतं. आपल्याकडे त्याला स्वतःची लाल करणं म्हणतात. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. मी चिकाटीनं एकच विचारत राहिलो, "वहिनींना काय आवडतं?"

"तिले? मी आवडतो."

"तुम्हाला सोडून."

"मले सोडूनच तं गेली. कुठं सुखी आहे?"

या एका प्रश्नावर चार महिने गेले. गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरात कोणी माझ्याशी बोलायला धजत नसे.

सहा महिने भरले त्या गुरुवारी वकीलसाहेब बसलेले असताना बाई स्वतः एस.टी.नं दवाखान्यात आल्या. पिशवीत लुगडी होती, म्हणजे राहायच्या तयारीनंच. मला म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. येऊ का मी वापस?"

मी तोंड उघडायच्या आत वकीलसाहेब सुरू झाले. आपण किती सुधारलो, डॉक्टर कसे थक्क झाले, असा बदल या जिल्ह्यात कोणात झाला नसेल. बाई मान खाली घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. बोलता बोलता यांचं लक्ष तिकडे गेलं.

"अशीच बसत होती का तू? इतकी वर्सं?"

बाईंनी मान डोलावली.

त्यांनी पुढे होऊन तो बंद तिच्या बोटावरून सोडवला. मग म्हणाले, "तं मंग येऊ नको अजून. मी काई बदललो नाही."

पिशवी उचलून ते बाईंना स्टँडवर पोचवायला गेले. मी मनात म्हटलं, चला, आता उपचार सुरू होतील. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्यानंतरही कधी आले नाहीत. लाज वाटली असावी, आणि सवय नसल्यानं झेपली नसावी. मला भयंकर राग आला. सहा महिने माझं डोकं खाल्लं, आणि ऐकण्यासारखं पहिलं वाक्य बोलून हा गृहस्थ गायब. तरी गुरुवारची ती दुपार मी वर्षभर दुसऱ्या कोणाला दिली नाही.