त्या खोलीची कडी

मैत्रिणींनो, आज जळगावात शेजारच्या मुलीसोबत पोलीस ठाण्यात गेले होते. तिच्यावर बलात्कार झालाय. नाव विचारू नका.

महिला अधिकारी चांगल्या होत्या. पुरुषांना बाहेर काढलं, कुणी ऐकू नये म्हणून दाराला आतून कडी लावली. आणि पोरगी मुकीच झाली.

"आत्ता तर बोलत होतीस ना बेटा?"

तिची नजर कडीवर. "मॅडम, त्यानी बी अशीच कडी लाई व्हती."

मॅडमनी झटकन दार उघडलं. तर बाहेर बाकावरच्या रिकामटेकड्यांच्या गप्पा थांबल्या, कान आत.

"घरी येऊन जबाब घेऊ," मॅडम म्हणाल्या. मुलीची आई सोबतच होती, तिनं हात जोडले, "गल्लीत पोलिसांची गाडी नको."

दार लावलं की पोरीचा श्वास अडकतो, उघडलं की गाव ऐकतं. मग तिनं बोलायचं तरी कुठे?