किसन मास्तरांच्या बँडमागून साखऱ्यापर्यंत

आमच्या घरात जाझबद्दल जरा जपूनच बोलावं लागतं. सुहासचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सीडींचं एक कपाट आहे आणि त्याला हात लावायची मुभा मला फक्त धूळ पुसण्यापुरती आहे. मार्चमधल्या एका रविवारी त्याने कुठल्याशा फार जुन्या अमेरिकन बँडची सीडी लावली. मी पोळ्या लाटत होते. दोन मिनिटं ऐकलं आणि स्वयंपाकघरातूनच ओरडले, "अरे, हा तर आमच्या जवळा बाजारचा बँड!"

सुहासला लागलं. त्याने मला पोळपाटासमोरून उठवून बाहेर बसवलं आणि समजावून सांगितलं. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ, मूळ चाल वाजवतं, सनईसारखं क्लॅरोनेट तिच्याभोवती वरून नक्षी काढतं, खाली मोठं पितळी वाद्य ठेका सांभाळतं. वाजवणारे दिवसा गोदीत, न्हाव्याच्या दुकानात राबायचे आणि लग्नात, मयतीत रस्त्याने चालत वाजवायचे. मी म्हटलं, मी वेगळं काय सांगतेय? तो म्हणाला, "यांना आयत्या वेळी सुचतं गं. तुमचा बँड सिनेमाची पाठ केलेली गाणी वाजवतो." पोळी करपली ती करपलीच, पण जवळा बाजारला जाऊन ऐकायचं ठरलं.

माझे वडील जवळा बाजारच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही परभणी जिल्ह्यातले. आमच्या गल्लीच्या मागेच किसन मास्तर राहायचे आणि दुपारी त्यांच्या बँडची तालीम चालायची. बँडमधल्या गफूरभाईंचं गाद्यांचं दुकान आहे आणि आता तिथे फोनही आहे. फोन लावला. "आओ ना बेटी, जरूर आओ," ते म्हणाले. "एप्रिलमधी साखऱ्याला परण्या हाय. मास्तर खुश हायेत लई, येऊनच बघा." परण्या म्हणजे नवरदेवाची मांडवापर्यंतची मिरवणूक. आमच्याकडे खरं लग्न तेच, बाकीचे विधी उरकायचे असतात.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने सकाळी परभणी, तिथून हिंगोलीची एसटी. डाव्या बाजूला बसा, ऊन उजवीकडून येतं. तिकीट वीस-बावीस रुपये, रस्ता बरा म्हणावा तितपत. जवळ्यात राहायची सोय नाही, आम्ही औंढ्याला देवळाजवळच्या लॉजवर दोनशे रुपयांत खोली घेतली. पंखा होता, वीज अधूनमधून होती. देऊळ सकाळी लवकर उठून बघा, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं कोवळ्या उन्हात छान दिसतात. सुहासने तिथेही एक शिंग फुंकणारा शोधून काढला आणि त्याचे सहा फोटो काढले.

जवळ्यात पोचलो तो बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, बैलांचे कासरे, प्लास्टिकच्या चपला, आणि गर्दीतून वाट काढत कापसाचा शेवटचा माल घेऊन जिनिंगकडे निघालेल्या गाड्या. गरम भजी आणि अतिगोड चहा घेऊन आम्ही गफूरभाईंच्या दुकानात शिरलो. ते कापसाच्या ढिगात बसले होते. भुवयांनाही कापूस.

गफूरभाई पिंजारी. वडील जिनिंगमध्ये होते, यांनी गाद्या भरायचं काम धरलं. क्लॅरोनेट कसं हाती आलं विचारलं तर म्हणाले, "मेरे मामू वाजवायचे. ते गेले, बाजा घरात पडून होता. आम्मा म्हणली, फुकून तरी बघ, उंदरं घर करतेत त्यात." सुहास वहीत लिहून घेऊ लागला तेव्हा मीच वही मिटवली. मुलाखतीला आलोय का आपण?

मास्तरांच्या जोडीला दुसरं कॉर्नेट वाजवणारा दत्ताही तिथेच बसला होता, तो सोयाबीन पिकवणारा शेतकरी. त्याच्या वडिलांना हे बिलकुल पसंत नव्हतं. कुणब्याच्या पोराने लोकांच्या दारात बाजा वाजवायचा म्हणजे काय? दोन वर्षं बाप त्याच्याशी बोलला नाही. "मंग बहिणीच्या लग्नात आमचाच बँड सांगितला," दत्ता म्हणाला. "मी वाजवून राहिलो आन् बा समोर नाचून राहिला. तवापासून बोलतो."

आणि किसन मास्तर. पासष्टीचा माणूस, अंगावर घरचा सदरा, पण बसणं असं की अंगात बँडच्या म्होरक्याचा लाल कोट असावा. मला ओळखलं. "डाक्टरसायबाची लेक! आन् हे जावईबापू व्हय?" हसताना त्यांनी तोंडावर हात धरला. पूर्वी धरत नसत, मला आठवतं.

मास्तरांच्या घरचे लोक बौद्ध. वडील सेनगावकडच्या एका खेड्यात राहायचे. गावात कुणाकडेही लग्न असो, वेशीपाशी उभं राहून हलगी वाजवायची हा त्यांच्यावर टाकलेला हुकूम. कुणी विचारायचं नाही, फक्त निरोप यायचा. बाबासाहेबांच्या मागे जाऊन त्यांनी धर्म बदलला, त्या दिवशी हलगी उतरवली आणि गावही सोडलं. मास्तरांनी पोरवयात परभणीच्या एका बँडवाल्याकडे कॉर्नेट शिकून घेतलं. मी विचारलं, "काका, वडिलांनी वाजवणं सोडलं आणि तुम्ही धरलं?"

"बा हुकमानं वाजवायचा. मला सुपारी देऊन बोलवतेत," मास्तर म्हणाले. "आन् बा वेशीपाशी उभा राहायचा. मी नवरदेवाच्या म्होरं चालतो."

मग साखऱ्याची गोष्ट निघाली. लग्न साखऱ्याच्या मुलीचं, पण बँड सांगितला होता नवरदेवाकडच्यांनी, आणि नवरदेव मास्तरांच्या वडिलांच्या त्याच गावचा. नवरदेवाचा चुलता स्वतः जवळ्याला येऊन मास्तरांच्या हातात सुपारी ठेवून गेला होता. त्या गावाने या घराला बोलावणं पाठवायची ही पहिलीच वेळ. मास्तरांनी ते मला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बँडच्या टेम्पोतून निघालो. औंढा, हिंगोली, सेनगाव. सेनगावपर्यंत ठीक, पुढे रस्ता नावालाच. ढोलाच्या बाजूला बसू नका, प्रत्येक खड्ड्याला तो वाजतो. हिंगोलीत थांबून मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. मास्तरांनी मात्र पाव चहात बुडवून खाल्ला. गफूरभाई त्यांच्याकडे बघत होते. टेम्पोत बसल्यावर त्यांनी विचारलंच. "मास्तर, काहून मिसळ न्हाई?"

तेव्हा बाहेर आलं. हिवाळ्यात मास्तर एसटीच्या पायरीवरून तोंडावर पडले आणि वरचे पुढचे दात गेले. त्यांनी हिंगोलीला जाऊन दातांच्या डॉक्टरकडून कवळी करून घेतली. बँडमध्ये सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न मिटला. मिटला नव्हता. कॉर्नेटला ओठ लागतात आणि ओठांना मागून दातांचा आधार लागतो. जोरात फुंकलं की कवळी हलायची, म्हणून वाजवायच्या दिवशी चावून ती आणखी सैल करायची नाही.

"डाक्टरला सांगितलं न्हाई तुमी?" दत्ताने विचारलं.

"त्यानं इचारलं, चावता येतं का. बिस्कुट दिलं, चावलं. सुपारी दिली, फुटली. म्हणला, झालं मंग." मास्तर बाहेर बघत म्हणाले. "कॉर्नेट घिऊन जायाचं ध्यानातच न्हाई आलं."

साध्या चाली खालच्या सुरात निभतात, मास्तर म्हणाले, आजचा दिवस काढतो. आज नाही जमलं तर कोट उतरवून ठेवीन, पुढे चालायचा हक्क वाजवणाऱ्याचा असतो. गफूरभाई म्हणाले, "बराबर हाय. पण आज कोट घाला."

साखऱ्यात उन्हं उतरल्यावर परण्या निघाला. मारुतीच्या पाराजवळ नवरदेव घोड्यावर बसला, मागे त्या गावचं सगळं वऱ्हाड, पुढे बँड, आणि बँडच्याही पुढे लाल कोटातले मास्तर. या बँडमध्ये कागद नाही. प्रत्येकाला आपापला भाग तेवढा पाठ, आणि सगळे मास्तरांच्या कॉर्नेटवर कान ठेवून चालतात. पहिली चाल निभली. दुसरी एका जुन्या सिनेमातली, तिचा अंतरा उंच चढतो. मास्तर खाली थांबतील असं मला वाटलं होतं. पण समोर त्यांच्या वडिलांचं गाव नाचत होतं आणि मास्तर वर चढले.

कवळी सुटली. कॉर्नेटमधून फुर्र असा आवाज आला आणि थांबला. कॉर्नेट थांबल्यावर दत्ता थांबला, ढोल थांबला, घोडाही थांबला. एकटे गफूरभाई एक सूर लांबवत राहिले, श्वास पुरेल तोवर. नवरदेवाचा चुलता मान उंच करून बघायला लागला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मास्तरांनी पाठ फिरवून कवळी रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात घातली. मग बँडकडे तोंड करून त्यांनी हात वर केला आणि अंतरा तोंडानेच सुरू केला. "तॅरॅ रॅ पॅप्पा, पॅ पॅ रॅ..." तालमीत ते प्रत्येक चाल अशीच शिकवतात, लहानपणी भिंतीपलीकडून मी हेच ऐकलेलं. बोळक्या तोंडातून त्या पॅ-पॅचं काहीतरी भलतंच होत होतं, पण चाल अगदी सुरात होती. ढोल आला. गफूरभाईंनी क्लॅरोनेट वर नेऊन मास्तरांच्या प्रत्येक ओळीला उत्तर द्यायला सुरुवात केली. आणि दत्ताने कधी न वाजवलेला मास्तरांचा भाग उचलला. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून ऐकलेलाच होता.

"म्हातारा तोंडानंच बाजा वाजवून राहिला वो!" एक बाई किंचाळली आणि बायका नाचायला पुढे आल्या. मास्तर उलटे चालत, हात हलवत, गात मांडवाकडे निघाले. सुहास माझ्या शेजारी चुकीच्या मात्रेवर टाळ्या वाजवत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. मीही त्याच्याच चुकीच्या मात्रेवर टाळ्या धरल्या, म्हणजे बघा.

जेवायला बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात. नवरदेवाच्या चुलत्याने मास्तरांना हात धरून आपल्याशेजारी पंगतीत बसवलं. त्यांच्या गावचा एक फेटेवाला म्हातारा वाकून म्हणाला, "तुझ्या बापाला वळखत होतो मी. लई गुणी माणूस. आमी त्याला कधी बस म्हणलं न्हाई." मास्तरांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढला, दात बसवले आणि बुंदी खाल्ली.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. एकूण खर्च सीडीच्या दोन मोठ्या संचांपेक्षा कमी आला, हे सुहासच कबूल करतो. त्याचा आयत्या वेळी सुचण्याचा मुद्दा घरात आता निघत नाही. मला मात्र तो लांबवलेला क्लॅरोनेटचा सूर अजून आठवतो, आणि आपल्यासाठी कुणी तेवढा श्वास धरून ठेवील का, असा विचार येतो.

काल मी गफूरभाईंच्या दुकानात फोन केला, मास्तर तिथेच होते. नवी कवळी केली, या वेळी डॉक्टरकडे कॉर्नेट घेऊन गेले होते. वारंगा फाट्याच्या एका लग्नाची सुपारीही आली आहे.

"मग वाजतंय का, काका?"

"वाजतंय की. पण माझा भाग मी दत्ताला दिला. पोरगं चांगलं वाजवून राहिलं, काहून थांबवू?"

मी घाबरतच विचारलं, "आणि कोट?"

"कोट माझ्याच अंगात हाय," ते म्हणाले. "बँडवाल्यांनी बसून ठरवलं. म्होरं मीच चालायचं."