झुंबरबाईचा आवाज गोपालच्या वावरात

झुंबरबाई कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. किराणा दुकानात काटा पुरता थांबेपर्यंत तिची नजर हलत नाही आणि डॉक्टरने दिलेली गोळी ती आधी शेजारणीला दाखवते. तिच्या हाकेवर मात्र सगळ्या सोनाळा गावाचा विश्वास. ज्वारी दाण्यावर आली की पाखरं राखायला तिलाच बोलावतात. मचाणावर उभी राहून तिने आरोळी दिली की शेजारच्या वावरातले मिठ्ठूसुद्धा उठतात. नवरा गेल्यावर दोन पोरी तिने निंदण-खुरपण आणि राखण करून वाढवल्या, त्यांची लग्नं लावून दिली. आता निंदणाला कंबर वाकत नाही. उरला तो गळा.

दरसाल ती गोपालचं वावर राखायची. यंदा तो म्हणाला, "काकू, यंदा गरज नाही."

"काऊन? ज्वारी तर पेरली तू."

तो नुसता हसला. हसतो म्हणजे लपवतो, असं झुंबरबाईने ठरवून टाकलं आणि उत्तमरावांचं वावर राखायला धरलं. मधे नाला, अलीकडे उत्तमराव, पलीकडे गोपाल.

दुसऱ्याच दिवशी नाल्यापलीकडून एका बाईची आरोळी आली. "हाऽऽ होऽऽ! उड रे मेल्या! तुह्या मायच्या लग्नाचं जेवन हाय काय?"

झुंबरबाई ताठ झाली. शब्द तिचे, चाल तिची, पण आवाज कुणा भलतीचाच, फाटका, नाकातला. म्हणजे गोपालने दुसरी बाई आणली, आणि त्या बाईने हिची आरोळी चोरली! कोण असेल? असा फाटका गळा शेजारच्या भिमाबाईचाच. त्या संध्याकाळी भिमाबाई विरजण मागायला आली, तर हिने घरात दही असून नाही म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी उत्तमराव गाडीवरून आले ते तापलेलेच.

"झुंबरबाई, राखण माही अन् आवाज गोपालच्या वावरात? आता रस्त्यानं येता येता या कानांनी आयकला. मी दिसलो अन् तू नाल्यातून पळत आली, हो ना? असं असंल तर उद्यापासून येऊ नको."

"मी? सकाळपासून मचाणावरून उतरली नाही मी! पोरींची शपथ!"

"शपथा खाऊ नको. तुहा आवाज मी वळखत नाही काय?"

गावात ही गोष्ट फिरली असती, तर तिला पुन्हा कुणी वावरात उभं केलं नसतं. ती काही बोलणार, तेवढ्यात नाल्यापलीकडून आरोळी उठली. "हाऽऽ होऽऽ! उड रे मेल्या!"

झुंबरबाईचं तोंड मिटलेलं होतं. उत्तमरावांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हळूच तिच्या पावलांकडे. पावलं उलटी नव्हती.

"आयकलं?" झुंबरबाई म्हणाली. "हेच ती चोट्टी!"

"अवं बाई, हे तर तूच होय."

"मी? माहा आवाज असा फाटका?"

"असाच हाय."

दोघं तरातरा नाला ओलांडून गेली. मचाणावर बाई नव्हती. पोरं वरातीत खांद्यावर मिरवतात तसला गाण्यांचा डबा खांबाला बांधला होता. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता आणि आतून झुंबरबाई पाखरांना शिव्या देत होती.

पाण्याच्या मोटरीवरून गोपाल आला. लाजला नाही, उलट खूश होता. "काकू, मागच्या साली तुम्ही मचाणावर होत्या तवा मोबाईलमधी भरून घेतला. तुमच्यासारखा गळा कोणाचाच नाही. सकाळी चालू केला का सांजेलोक बोंबलते. च्या मागत नाही, पोरीकडं जातो म्हनत नाही."

"मले इचारलं होतं?"

"त्यात काय इचारा लागते? तुमचा गळा तुमच्यापाशीच हाय ना!"

झुंबरबाईने त्याला डब्यातलं कार्ड काढायला लावलं. नखाएवढा तो तुकडा तिने पदराच्या गाठीत बांधला.

"न्या," गोपाल म्हणाला. "मोबाईलमधी हायच अजून."

तिला कुठे हात घालावा तेच कळेना. उत्तमरावांनी माफी मागितली नाही. तशी रीत इकडच्या पुरुषांत नाही. "चाल बाई, तिकडं वावर उघडं पडलं," एवढंच म्हणाले. ती पुढे निघाली. मागे वळून पाहते तर उत्तमराव डबा हातात घेऊन उलटासुलटा करत होते.

"एका चार्जिंगवर किती वेळ चालते बे हा?"

तिने ऐकलं.

मचाणावर चढून तिने तेलाचा रिकामा पिपा बडवायला घेतला. मिठ्ठू थोडे उठले आणि पुन्हा कणसांवर बसले. उत्तमराव खाली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पिशवी पायाशी ठेवून खिशात हात घालून उभे.

"आवाज काऊन नाही देत?"

"मोबाईल घरी ठेवून या, भाऊ. मंग निघंल आवाज."

त्यांनी एकदा मिठ्ठूंकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि गाडीला किक मारली. गाडी वळणाआड गेली. ती खाली उतरली, धुऱ्यावर राहिलेली त्यांची पिशवी तिने तळापर्यंत चाचपली, आणि मगच वर चढून तोंड उघडलं.