पुढच्या चाकांखालची लिंबं

माझी पहिली शर्यत मी दोन लिंबांमुळे हरले, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. ते खोटं कोणी पकडलं आणि पुढं काय झालं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

शर्यत हा शब्दही जरा मोठाच झाला. हैदराबादच्या बाहेर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी आहे. वर्षातले काही रविवार तिथं रीतसर परवानगी काढून, हेल्मेट तपासून, ॲम्ब्युलन्स उभी करून लोकांना आपापल्या गाड्या सरळ रेषेत पळवू देतात. पाव मैलाचं अंतर, दोन गाड्या शेजारी शेजारी, समोर दिव्यांचा खांब. हिरवा लागला की सुटायचं. रोज भाजी आणायची गाडीही चालते. वळण नाही, ओव्हरटेक नाही, त्यामुळे सगळं त्या सुटण्यावर असतं. नंतर हातात एक चिठ्ठी देतात, तिच्यावर पहिल्या साठ फुटांचा वेळ वेगळा छापलेला असतो. आपण सुटलो कसे, ते तो आकडा सांगतो.

मी तारनाक्याला राहते आणि ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. घर्षणाच्या धड्याला मी फळ्यावर गाडीचं चाक काढते आणि सांगते, की गरागरा फिरणाऱ्या चाकापेक्षा न घसरणारं चाक रस्ता जास्त घट्ट धरतं. वीस वर्षं तेच चाक काढत आले. मागच्या वर्षी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधी करून बघितलं का?" सगळा वर्ग हसला. मला राग आला की मी ओरडत नाही, कुठला तरी फॉर्म भरते. पीएचडीचा फॉर्मही असाच रागाच्या भरात भरला होता, ती अजून व्हायची आहे. त्या संध्याकाळी मी धावपट्टीचा फॉर्म भरला. वयाच्या रकान्यात सत्तेचाळीस लिहिताना हात जरा अडखळला, पण भरला.

घरात आम्ही तिघं: मी, गौलीगुड्याचं घर सोडून आमच्याकडे राहायला आलेली आत्या आणि माझे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणतो.

नानांनी जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं, आणि नोकरीची शेवटची काही वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. इंजिन चालवणाऱ्याचे डोळे पुन्हा पुन्हा तपासले जातात, त्यामुळे डोळे हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. सत्तरीतही आत्याला सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. मग काचबिंदू निघाला. तो कडेकडेनं खात येतो आणि मधलं शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून आम्हाला कळलंच नाही. आता उजेड आणि अंधार एवढंच त्यांना समजतं.

तीन वर्षांपूर्वी गाडीची किल्ली त्यांनी स्वतःच माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून ते घराबाहेर पडायचे ते फक्त डॉक्टरकडे, आणि गाडीत बसायचे ते मागच्या सीटवर. मी पुढचं दार उघडलं की म्हणायचे, "पुढं बसून काय बघू?" मग मी मागचं दार उघडायची. ते उघडताना मला लाज वाटायची, जणू मीच त्यांना मागं बसवते आहे. त्यांनी पुन्हा पुढं बसावं, इतकंच मला हवं होतं. त्याचा मात्र कुठं फॉर्म नव्हता.

तर लिंबं. आत्याला मी फक्त सांगितलं, की गाडीची एक स्पर्धा आहे. ती लगेच फ्रिजकडे गेली. नवी गाडी असो, दसरा असो की लांबचा प्रवास, आमच्याकडे चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय गाडी हलत नाही. "नवीन काम आहे," ती म्हणाली, "लिंबू ठेवल्याबिगर हलू नक्को." मी फिजिक्स शिकवते, पण आत्याशी वाद घालत नाही.

धावपट्टीवर माझी पाळी आली तेव्हा मी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाड्या रेषेवर लावणारा माणूस हसेल असं वाटलं होतं. तो उलट हात जोडून म्हणाला, "हौ मॅडम, रखो रखो. हम भी रखते." गाडी दोन हात पुढं घेऊन मी रेषेवर आले. लिंबं व्यवस्थित चिरडली. इंजिनाचा आवाज चढवला, हिरवा दिसला, क्लच सोडला.

गाडी जवळजवळ जागेवरच राहिली. पुढची चाकं किंचाळत फिरली, आत जळक्या रबराचा आणि लिंबाचा वास भरला, आणि शेजारच्या पट्टीवरची टॅक्सीसारखी दिसणारी पांढरी गाडी निवांत निघून गेली. साठ फुटांना मला तीन सेकंदांच्या वर लागले. वीस वर्षं फळ्यावर काढलेलं चाक मला नेमकं तेव्हा आठवलं.

घरी आले ती धुसफुसतच. नाना नेहमीप्रमाणे बाल्कनीतल्या खुर्चीत होते. मी आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "लिंबामुळे हरले."

नाना म्हणाले, "लिंबू कोणत्या चाकाखाली ठेवलंस?"

"पुढच्या."

"आणि आपली गाडी ओढतात कोणती चाकं?"

"पुढचीच," मी म्हटलं.

नाना हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. कित्येक महिन्यांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आत्या स्वयंपाकघरातून हातातली पोळी घेऊनच बाहेर आली. "दसऱ्याला आम्हीपण इंजिनाखाली लिंबू ठेवायचो," ते म्हणाले, "पण नंतर रुळावर वाळू सोडायचो. चाक घसरू नये म्हणून इंजिनालाच वाळूची पेटी असते. तू नुसता रस काढलास."

मग त्यांनी चौकशी सुरू केली. आवाज किती चढवला होता? क्लच कसा सोडला, एकदम की हळू? चाक किंचाळलं ते सुरुवातीलाच की पुढंही? मी सांगत गेले. शेवटी म्हणाले, "पाच-सात फुटांत लिंबू संपतं, पोरी. तुझं चाक त्याच्या पुढंही ओरडत होतं. नाचता येईना अंगण वाकडं."

मला राग आला, पण मी कुठलाही फॉर्म भरला नाही. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच एवढं विचारलं होतं.

आत्याच्या मुलाचं कुकटपल्लीला पत्र्याचे सुटे भाग बनवायचं छोटं युनिट आहे. रविवारी ते बंद असतं, आणि आत सिमेंटचं लांबलचक मोकळं आवार आहे. मी तिथं सकाळी जाऊन सुटायचा सराव करू लागले, फक्त वीस-तीस फूट आणि ब्रेक. गाडीबाहेर फोन ठेवून आवाज टिपायचा आणि घरी नानांना ऐकवायचा. दोन रविवार त्यांनी फोन कानाला लावून ऐकला. तिसऱ्या रविवारी फोन परत दिला आणि म्हणाले, "यात खालचा आवाज येत नाही. दुधाची तहान ताकावर किती दिवस भागवू? मला तिथं ने."

डॉक्टर सोडून कुठंतरी ने, असं ते तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणत होते. मी घाईघाईनं पुढचं दार उघडलं. त्यांनी चाचपडत मागचं शोधलं.

आवारात भिंतीशी खुर्ची टाकून ते बसायचे, गुडघ्यांवर हात, मान जरा तिरकी. शिकवायचे मात्र जुन्या खाक्यात, म्हणजे अपमान करून. मालगाडीचं इंजिन सुटतं तेव्हा सगळे डबे एकदम ओढत नाही, ते सांगत. डब्यांच्या जोडण्यांमध्ये झोल असतो, तो आधी हलक्या हातानं काढून घ्यायचा. सगळी गाडी ताणली गेली की मग जोर. "तू झोल न काढताच जोर लावतेस. आधी क्लच एवढाच वर आण, की गाडी निघायला बघते पण निघत नाही. तिथं धर. मग सोड."

मी घर्षणाचा गुणांक सांगू लागले की म्हणत, "तो तुझ्या पोरांना सांग." एकदा मी चिडून इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं गाडीतच बसून राहिले. तेही खुर्चीत बसून राहिले. मग मीच पुन्हा चालू केली, कारण बरोबर ते होते. पुढच्या टायरांतली हवा थोडी कमी केली, डिकीतलं सामान घरी ठेवलं, इंजिनाचा आवाज निम्म्यावर आणला. तरी काहीतरी राहत होतं.

"काट्याकडे बघतेस ना?" एका रविवारी त्यांनी विचारलं.

मी बघत होते. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा जागेवर आला, की मग क्लच सोडायची.

"आवाज ठरतो, मग तू एक श्वास थांबतेस, मग सोडतेस. तो श्वास मला इथं ऐकू येतो. काट्याकडे बघू नक्को. सुटायला डोळे लागत नाहीत. कान लागतात आणि पाय."

त्यानंतर मी काट्यावर चिकटपट्टी लावली.

पुन्हा धावपट्टीवर गेलो ते तिघंही. आत्यानं पर्समध्ये लिंबं आणलीच होती. नानांनी निकाल दिला, "मागच्या चाकांखाली ठेव. देवाचंही राहील आणि चाकाचंही." मी मागच्या चाकांखाली ठेवली. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे नाना आत्याचा हात धरून उभे होते. दिवे लागले, मी आवाज ऐकला, पायाखाली गाडी ताणली गेल्याचं कळलं, हिरव्याला सोडली. चाकं गप्प राहिली. गाडीनं मला पाठीत धरून पुढं ढकललं.

तरी हरलेच. शेजारची गाडी मोठ्या इंजिनाची होती, अर्ध्यात तिनं मला गाठलं. पण साठ फुटांना मी पुढं होते, आणि माझा वेळ अर्ध्या सेकंदानं कमी झाला होता. चिठ्ठी घेऊन मी नानांकडे पळत गेले. त्यांनी ती हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "वाचू नक्को. चाक एकदाही ओरडलं नाही." मला वाटलं, आता बसतील पुढं. पण परतीला ते मागंच बसले. चिठ्ठी, साठ फूट, सगळं मला फोल वाटलं.

पुढच्या रविवारी खरं तर कुकटपल्लीला जायचं काही कारण नव्हतं. नाना म्हणाले म्हणून गेलो. मी दोन-चारदा सुटले. पाचव्यांदा रेषेवर गाडी उभी करून आरशात पाहिलं, तर भिंतीशी बसलेल्या नानांचा डावा पाय हलत होता. टाच जमिनीवर टेकवून ते चपलेचा पुढचा भाग दाबत होते, खाली क्लच असावा तसा. माझं इंजिन चढलं की पाय दाबला जाई, आणि मग अलगद वर येई. ते माझ्या आधी सुटत होते.

मी गाडी बंद करून त्यांच्याजवळ गेले. "नाना, तुम्ही सोडा एकदा."

"चेष्टा करू नक्को."

"वीस फूट. समोर सगळं मोकळं आहे. मी शेजारी बसते, हँडब्रेक माझ्या हातात राहील."

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले. इतकं साधं वाक्य, पण तीन वर्षांत ते त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं. म्हणून मी रागावूनच बोलले, "सुटायला डोळे लागत नाहीत, असं कोण म्हणालं होतं?"

ते उठले. मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी सीट मागं सरकवली, गिअरचा दांडा हलवून पाहिला, स्टिअरिंगवरून दोन्ही हात फिरवले. पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंदच पडली. "तीन वर्षं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा किल्ली फिरवली.

या वेळी आवाज हळूहळू चढला आणि एका जागी ठरला. गाडी किंचित दबली, निघायला बघत होती पण निघत नव्हती. झोल निघाला होता. मी हँडब्रेक सोडून म्हटलं, "सुटा." गाडी सुटली. चाकांचा एक शब्द नाही. मी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि "थांबा" म्हणायला जवळजवळ विसरले. म्हटलं तसा त्यांनी ब्रेक दाबला, गाडी शांत उभी राहिली.

त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक स्वतः ओढला, माझ्या हातावरूनच. "चल, आत्या जेवायला थांबली असेल," ते म्हणाले.

मी उतरून त्यांचं दार उघडलं, मग सवयीनं मागचंही उघडून उभी राहिले. ते बाहेर आले, पण मागं वळले नाहीत. एक हात बॉनेटवर ठेवून, गरम पत्रा चाचपत ते गाडीला पुढून वळसा घालून पलीकडे गेले. हाताला पुढच्या दाराची मूठ लागली. ते दार त्यांनी उघडलं आणि आत बसले.

मी उघडं ठेवलेलं मागचं दार लावलं आणि गाडीत बसले.